रोमिओ-ज्युलिएटच्या मृत्यूला नक्की जबाबदार कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीए इंग्लिशची मुलं, एकांकिका बसवणारे, आणि सिनेमा बघून डोकं भणभणलेले असे सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. मी शेक्सपिअरच्या मूळ नाटकावरून बोलतेय, सिनेमावरून नाही, कारण सिनेमात वेळेसाठी सीन कापतात आणि दोष कोणाचा हे बऱ्याचदा त्या कापलेल्या सीनमध्येच असतं. ज्यांना शेवट माहीत नाही त्यांनी आधी नाटक वाचा, मग इकडे या.

पटकन सांगा, दोषी कोण?

फ्रायर लॉरेन्स, म्हणजे दोघांचं गुपचूप लग्न लावणारा साधू. आणि त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट.

कसं ठरवलं म्हणाल तर मी तीन गोष्टी बघते. कोणाला काय माहीत होतं, कोणाच्या हातात काय होतं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा कोण बोललं नि कोण गप्प बसलं. रागावर, हेतूवर, स्वभावावर दोष वाटायला गेलं की सगळेच थोडेथोडे दोषी निघतात आणि मग कोणीच दोषी राहत नाही. "समाज दोषी", "वैर दोषी" ही उत्तरं मला म्हणूनच पटत नाहीत. वैर काही स्वतः चालत जाऊन विष देत नाही, माणसं देतात.

हे सगळं किती दिवसांत घडतं?

रविवार सकाळ ते गुरुवार पहाट. बस्स.

रविवारी सकाळी रस्त्यावर मारामारी, रात्री कॅप्युलेटकडे पार्टी, तिथे दोघांची नजरानजर आणि त्याच रात्री बागेत लग्नाचं ठरतं. सोमवारी दुपारी फ्रायर गुपचूप लग्न लावतो, तासाभरात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट मरतात, टिबॉल्टला मारल्याबद्दल रोमिओला हद्दपारी होते, आणि त्याच रात्री इकडे बाप ज्युलिएटचं लग्न पॅरिस नावाच्या उमरावाशी गुरुवारी ठरवून मोकळा होतो. मंगळवारी पहाटे रोमिओ मँटुआ या दुसऱ्या गावी निघतो, दिवसा ज्युलिएट फ्रायरकडून माणूस काही तास मेल्यासारखा दिसेल असं औषध आणते आणि रात्री पिते. बुधवारी तिला मेली समजून पुरतात. गुरुवार उजाडायच्या आत दोघं संपलेले असतात.

शेक्सपिअरनं ही गोष्ट आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या लांबलचक कवितेवरून घेतली, आणि त्या कवितेत हाच प्रकार कित्येक महिने चालतो. शेक्सपिअरनं तो मुद्दाम चार-पाच दिवसांत कोंबला. हे टाइमटेबल डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण कोणी किती घाई केली आणि कोणाच्या घाईनं कोणाचा वेळ गेला यावरच सगळं अवलंबून आहे.

पण फ्रायर लॉरेन्स तर भला माणूस! त्याचा हेतू चांगला होता ना?

होता. ज्युलिएटचं कॅप्युलेट आणि रोमिओचं मॉन्टेग्यू या दोन घरांचं वैर या लग्नानं मिटेल असं तो स्पष्ट म्हणतो आणि मला त्यात खोट दिसत नाही. हळू चला, धावणारा ठेचकाळतो, हेही तोच सांगतो. आणि त्याच दिवशी लग्न लावून देतो.

माझा आक्षेप लग्नाला नाही आणि त्या औषधालाही फारसा नाही. आक्षेप त्याच्या गप्प बसण्याला आहे. वैर मिटवायला लग्न लावलंस ना, मग ते लग्न झालंय हे त्या दोन घरांना कळायला नको? लपवलेल्या लग्नानं वैर कसं मिटेल? आणि त्याला बोलायची संधी एकदा नाही, परत परत मिळते.

पहिली, टिबॉल्ट मेल्यावर. आता हे कबूल की त्या क्षणी कॅप्युलेटच्या घरात जाऊन "तुमचा भाचा ज्यानं मारला तो तुमचा जावई आहे" म्हणणं महाकठीण. तेवढी सूट मी त्याला देते. पण वेरोना गावाचा सत्ताधीश जो प्रिन्स, त्याच्याकडे तरी जाता आलं असतं. रोमिओला सांगताना तो स्वतःच म्हणतो की योग्य वेळ बघून लग्न जाहीर करू, प्रिन्सकडून माफी मिळवू, मग तुला परत बोलावू. म्हणजे मार्ग माहीत होता, त्या मार्गावर तो एक पाऊलही चालला नाही.

दुसरी संधी मंगळवारी, आणि इथे मला खरंच राग येतो. पॅरिस स्वतः फ्रायरच्या मठातल्या खोलीत येतो, गुरुवारी आमचं लग्न लावा म्हणून. नवरा मुलगा समोर उभा! या मुलीचं लग्न झालेलं आहे एवढं एक वाक्य. पॅरिस काही गुंड नाही, प्रिन्सचा नातेवाईक, सभ्य माणूस, तो ऐकून मागे हटला असता किंवा निदान सरळ प्रिन्सकडे गेला असता. फ्रायर काय करतो, तर एवढी घाई बरी नाही वगैरे पुटपुटतो आणि मनात म्हणतो की घाई का नको ते मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. मग तो गेल्यावर तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात बाटली देतो. सत्य बोलण्याची जोखीम त्यानं स्वतः घ्यायची ती तिच्या अंगावर टाकली, माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हा हा.

तिसरी बुधवारी सकाळी. हा सीन बहुतेक सिनेमांत नसतो. ज्युलिएट मेली म्हणून घरात आकांत चाललाय, आई रडतेय, दाई रडतेय, बाप म्हणतोय मृत्यूच माझा जावई झाला, लग्नासाठी आणलेली फुलं आता प्रेतावर घाला, लग्नाची वाद्यं बंद करून घंटा वाजवा. आणि फ्रायर त्यांच्यात उभा राहून सांत्वन करतो की ती स्वर्गात सुखी आहे, रडू नका. त्याला माहितीये ती जिवंत आहे. बाप त्या क्षणी इतका मोडलेला आहे की मुलगी परत मिळाली असती तर त्यानं काहीही कबूल केलं असतं असं मला वाटतं. फ्रायर मूग गिळून गप्प.

आणि शेवटी कबरीत. ज्युलिएट जागी होते, शेजारी रोमिओ मेलेला, बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल. फ्रायर तिला म्हणतो चल, तुला नन्सच्या मठात ठेवतो, ती नाही म्हणते, आणि हा "मला इथे थांबायची हिंमत नाही" म्हणून पळतो. एका नुकत्याच विधवा झालेल्या मुलीला नवऱ्याच्या प्रेताशेजारी, खंजीर हाताशी असताना, एकटं सोडून. दोन मिनिटं थांबला असता तर पहारेकरी आत आले असते आणि ती जगली असती. त्याचं भांडं फुटलं असतं एवढंच.

पत्र पोचलं नाही तो तर निव्वळ योगायोग! त्याला फ्रायर काय करणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा नीट सांगते.

फ्रायर लॉरेन्सनं औषधाचा बेत रोमिओला कळवणारं पत्र घेऊन फ्रायर जॉनला मँटुआला पाठवलं. जॉन सोबतीला आपल्याच पंथाचा एक साधू शोधायला गेला, तो साधू कुठल्या तरी घरी आजाऱ्यांना भेटायला गेलेला, आणि त्या घरात साथ असल्याच्या संशयावरून अधिकाऱ्यांनी दारं बंद करून दोघांना आत कोंडलं. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना हे अजिबात ओढूनताणून आणलेलं वाटलं नसणार, कारण १५९२ ते १५९४ मध्ये प्लेगमुळे लंडनची नाटकघरंच बराच काळ बंद होती आणि नाटक त्यानंतर लवकरच आलं. पुण्यात १८९७ ला प्लेगच्या वेळी घराघरांत झडत्या झाल्या ते आपण शाळेत शिकलोय, त्यामुळे आपल्यालाही ते चित्र परकं नाही. तेव्हा इथपर्यंत योगायोग हे मान्य.

पण आता मागे जाऊन सोमवार रात्रीचा सीन वाचा. रोमिओला मँटुआला पाठवताना फ्रायर काय कबूल करतो? मी तुझ्या नोकराला गाठेन आणि इकडची खबर त्याच्याकरवी तुला वेळोवेळी कळवत राहीन. नोकर म्हणजे बाल्थझार. ठरलेला निरोप्या होता! आणि आयत्या वेळी फ्रायर त्याला विसरतो, निरोप जॉनकडे देतो, आणि बाल्थझारला कोणी काहीच सांगत नाही. परिणाम काय झाला बघा. बिचारा बाल्थझार बुधवारी ज्युलिएटला पुरताना डोळ्यांनी बघतो आणि इमानदारीत घोडा काढून मालकाला सांगायला धावतो. वेरोना ते मँटुआ अंतर ते किती, जेमतेम चाळीस किलोमीटर. रोमिओ पहिला प्रश्न काय करतो, फ्रायरचं पत्र आणलंस का? पुढे परत एकदा विचारतो, फ्रायरचं काहीच नाही? नाही मालक. तो माणूस त्या पत्राची वाट बघत होता, आणि ज्याच्याकडून यायचं ठरलं होतं त्याच माणसाच्या तोंडून येताना बघत होता.

वर जॉनला सुद्धा पत्रात काय आहे ते सांगितलेलं दिसत नाही. तो परत येऊन शांतपणे सांगतो की जाता आलं नाही, आणि तेव्हा लॉरेन्स म्हणतो की अरे फार महत्त्वाचं होतं ते. जीवनमरणाचा निरोप एकाच माणसाबरोबर, एकाच रस्त्यानं, त्यालाही न सांगता. साथ हा योगायोग असेल पण बाल्थझारला अंधारात ठेवणं हा योगायोग नाही.

नाटकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय की ताऱ्यांनीच त्यांचं वाटोळं केलं, मग नशीब दोषी नाही का?

सुरुवातीचं निवेदन तसं म्हणतं खरं, पण तेच निवेदन आईबापांच्या रागाचंही नाव घेतं, आणि मुलं मेल्याशिवाय तो राग संपला नसता असंही सांगतं, तेवढा भाग कोणी लक्षात ठेवत नाही. पात्रांमध्ये नशिबाचं नाव सगळ्यात जास्त रोमिओ घेतो. टिबॉल्टला स्वतःच्या तलवारीनं मारतो आणि मग मी नशिबाच्या हातचं खेळणं म्हणतो. फ्रायरही कबरीत ज्युलिएटला हेच सांगतो, आपल्याहून मोठ्या शक्तीनं आपला बेत मोडला म्हणून. नाटकात नशिबाचं नाव निघालं की मी बघते कोण बोलतंय आणि त्यानं नुकतंच काय केलंय.

कॅप्युलेट तर सुरुवातीला चांगला बाप वाटतो, मग अचानक असा का वागतो?

हो ना, पहिल्यांदा वाचताना मला तो आवडला होता. पॅरिस मागणी घालतो तेव्हा म्हणतो पोर लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ देत, तिचं मन जिंक, तिचा होकार असेल तरच माझा होकार. बाकीची मुलं मातीत गेली, ही एकच उरली असंही बोलतो. पार्टीत टिबॉल्ट रोमिओला बघून भडकतो तर हाच त्याला दाबतो की गप बस, चांगला मुलगा आहे, सगळं गाव त्याचं नाव काढतं. हे वाक्य ज्युलिएटच्या कानावर पडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून बघा.

आणि दीड दिवसात हाच माणूस मुलीला न विचारता तारीख ठरवतो. आज वार कोणता, सोमवार, बुधवार फार लवकर होईल, चला गुरुवार. टिबॉल्ट मेलाय, घरावर सुतक आहे, त्यावर लग्न हा उतारा असं त्याला वाटलं असावं. प्रिन्सच्या नात्यातलं स्थळ आहे, हातचं जायला नको, हेही असणार. ज्युलिएट नाही म्हणते तर तो काय बोलतो ते एकदा मोठ्यानं वाचून बघा, अंगावर येतं. गुरुवारी चर्चमध्ये चालत ये नाहीतर फरपटत नेईन, माझी असशील तर मी देईन त्याला देईन, नसशील तर भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर. हात शिवशिवतायत म्हणतो.

वर्गात इथे हमखास कोणीतरी म्हणतं की मुलीनं बापाचं ऐकायला हवं होतं. पण ऐकणं म्हणजे काय? तिचं लग्न झालेलं आहे. ऐकलं तर दुसऱ्यांदा लग्न, म्हणजे तिच्या धर्मात घोर पाप. सांगितलं तर नवऱ्याच्या जिवाला धोका. ज्या घरात "नको" एवढ्या शब्दावर अशी आग पाखडली जाते तिथे "माझं लग्न झालंय" कोण कसं सांगणार?

आणि एक गोष्ट जी फार थोडे लोक पकडतात. मंगळवारी ज्युलिएट फ्रायरकडून येऊन खोटी माफी मागते, बाप इतका खूश होतो की लग्न गुरुवारवरून उद्यावर, बुधवारवर आणतो. बायको म्हणते तयारी कशी होईल, हा म्हणतो मी जागतो, मी बघतो सगळं. फ्रायरनं तिला सांगितलं होतं की औषध उद्या रात्री घे, म्हणजे बुधवारी. तिला ते मंगळवारीच घ्यावं लागतं. बापाच्या आनंदाच्या भरात एक अख्खा दिवस गेला, आणि मँटुआला दुसरा निरोप पाठवायला तोच दिवस कामी आला असता.

आईचं काय?

आई थंड आहे. नवरा ओरडत असताना मध्ये एकदा बोलते, पण ज्युलिएट तिच्या पाया पडते तेव्हा म्हणते माझ्याशी बोलू नकोस, तुला काय करायचं ते कर, माझं तुझं संपलं. त्याआधी तर रागात म्हणून गेलेली असते की हिचं थडग्याशी लग्न लागलं तर बरं. मँटुआत माणूस पाठवून रोमिओला विष घालण्याचं पण तीच बोलते. तिचंही लग्न अगदी कोवळ्या वयात झालेलं, तिच्या हातात त्या घरात किती होतं हा प्रश्न आहेच, म्हणून मी तिला कॅप्युलेटच्या ओळीत बसवत नाही. महिनाभर तरी, आठवडाभर तरी लग्न पुढे ढकल असं ज्युलिएट आईला विनवते. आठवडा मिळाला असता तर सगळेच वाचले असते.

नर्सनं विश्वासघात केला का?

नर्स म्हणजे तिला दूध पाजून वाढवलेली दाई. तिची स्वतःची मुलगी सुझन ज्युलिएटच्याच वयाची होती, ती गेली, आणि तिच्या वाट्याची सगळी माया हिच्यावर. निरोप तिनं नेले, दोराची शिडी तिनं आणली, बापाच्या तोंडावर ज्युलिएटची बाजू घेणारी ती एकटीच, आणि त्यासाठी तिनं शिव्या खाल्ल्या. तेव्हा विश्वासघात हा शब्द मला जड वाटतो.

पण त्यानंतर ती म्हणते की पॅरिसशीच लग्न कर, रोमिओ त्याच्यापुढे पोतेरं आहे. नोकरीतली बाई, घाबरली असणार, व्यवहार बघितला असणार. ज्युलिएटच्या बाजूनं मात्र विचार करा, आईनं तोंड फिरवलं, बापानं घराबाहेर काढायची धमकी दिली, आणि शेवटचा आधार म्हणून जिच्याकडे वळली तिनंही असं सांगितलं. तिथून पुढे ज्युलिएट कोणालाच काही सांगत नाही. बुधवारी सकाळी नर्स आकांत करते तो खोटा नाही, पण तिला औषधाचं माहीत नव्हतं, कारण तिनं स्वतःच तो विश्वास घालवला होता.

टिबॉल्टनं भांडण उकरलं नसतं तर?

तर सोमवार शांत गेला असता, एवढंच. टिबॉल्ट भांडखोर आहेच, पण मर्क्युशिओही कमी नाही, रोमिओ माघार घेतोय हे बघून तलवार आधी तोच उपसतो. रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबॉल्टचा वार जातो. मर्क्युशिओ दोन्ही घरांना शाप देत मरतो, तो ना मॉन्टेग्यू ना कॅप्युलेट, त्यामुळे त्याचा शाप फार लागतो मला.

मर्क्युशिओच्या मरणाला टिबॉल्ट आणि तो स्वतः जबाबदार. पण सोमवारी झालेल्या दंग्यामुळे गुरुवारी ज्युलिएट मेली असं सरळ म्हणता येत नाही, मध्ये अडीच दिवस होते आणि त्या अडीच दिवसांत शहाण्या, मोठ्या माणसांनी निर्णय घेतले.

आणि रोमिओ स्वतः? त्यानंच तर घाई केली

केली. सकाळी रोझलिन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी उसासे टाकणारा रात्री ज्युलिएटच्या बागेत, हे फ्रायरही त्याला सुनावतो. टिबॉल्टचा खून त्याच्या माथी आहे आणि कबरीपाशी मारलेल्या पॅरिसचाही, त्यात मी कोणाला वाटेकरी करणार नाही. विष त्यानं स्वतः विकत घेतलं. बाल्थझार म्हणत होता धीर धरा, तुमचा चेहरा ठीक दिसत नाही. कबरीत तर तो स्वतः म्हणतो की हिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मृत्यूचा पांढरा झेंडा इथे लागलेलाच नाही. समोर दिसत होतं! तो सीन वाचताना दर वेळी वाटतं की आता थांबेल.

तरी त्याला मी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर ठेवते, कारण पहिली कसोटी, माहीत काय होतं? त्याला फक्त इतकंच माहीत होतं की बायको मेली. स्वतःच्या डोळ्यांनी पुरताना बघितलेल्या विश्वासू नोकरानं सांगितलं. ही खोटी बातमी तयार करणारे आणि खरी बातमी त्याच्यापर्यंत न पोचवणारे दुसरे होते.

ज्युलिएट पळून का नाही गेली? सरळ मँटुआला जायचं ना!

कशी? तेरा वर्षांची मुलगी, चौदा पूर्ण व्हायला पंधरा-एक दिवस बाकी, एकटी चर्चला जायचं तरी पापाची कबुली द्यायची आहे असं निमित्त सांगून जाते. ब्रूकच्या कवितेत ती सोळाची होती, शेक्सपिअरनं तिचं वय कमी केलं. त्याची स्वतःची थोरली मुलगी सुझॅना १५८३ ची, म्हणजे नाटक लिहिलं गेलं तेव्हा साधारण त्याच वयाची. आणि तेव्हा सगळ्यांचीच लग्नं तेराव्या वर्षी होत हा गैरसमज काढून टाका. कायद्यानं मुलीला बारा वर्षं चालत होती, पण इंग्लंडमधल्या साध्या घरातल्या बायकांची लग्नं पंचविशीच्या आसपास होत. प्रेक्षकांनाही ती लहानच दिसली असणार.

सगळ्या नाटकात सावध बोलणारी तीच आहे. बागेत ती म्हणते हे फार घाईचं होतंय, विजेसारखं. औषध प्यायच्या आधी तिला काय काय शंका येतात बघा: हे चाललंच नाही तर, फ्रायरनं स्वतःची लाज झाकायला खरंच विष दिलं असेल तर, रोमिओ यायच्या आत जाग आली आणि त्या बंद हवेत गुदमरले तर, आजूबाजूला हाडं आणि टिबॉल्टचं ताजं प्रेत असताना वेड लागलं तर. आणि तरी पिते. तिच्यावर दोष टाकणारी उत्तरं मला तपासताना फार त्रास देतात.

प्रिन्स एस्कलस निष्पक्ष होता ना?

तो स्वतःच शेवटी कबूल करतो की तुमच्या भांडणाकडे मी काणाडोळा केला आणि माझे दोन नातेवाईक गमावले, मर्क्युशिओ आणि पॅरिस. रविवारची मारामारी पहिली नव्हती, तीनदा झालं हे त्याच्याच तोंडी आहे. दर वेळी दम देऊन घरी पाठवलं. मग पुन्हा रस्त्यावर शांतता मोडली तर जीव घेईन अशी घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी हद्दपारी. हद्दपारीचा निर्णय मला तसा न्याय्य वाटतो, कारण टिबॉल्टनं आधी मर्क्युशिओला मारलं होतं. पण आधीची वर्षं त्यानं काय केलं? दोन घरच्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवून एक बैठक घेतली असं कुठेही येत नाही. त्याच्याकडे सत्ता होती, माहिती नव्हती, म्हणून तिसरा नंबर.

भांडणाचं मूळ कारण काय?

नाटकात सांगितलेलंच नाही. जुनं वैर, एवढंच. शोधत बसू नका.

विष विकणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी?

मँटुआत विष विकलं तर मृत्युदंड, हे त्याला माहीत होतं आणि तो रोमिओला सांगतोही. रोमिओ त्याच्या फाटक्या अंगाकडे, खपाटीला गेलेल्या पोटाकडे बोट दाखवतो आणि चाळीस डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, पुढे करतो. माझी गरिबी हो म्हणतेय, मन नाही, असं म्हणून तो बाटली देतो. ब्रूकच्या कवितेत शेवटी याला फाशी होते, दाईला हद्दपार करतात, आणि फ्रायर सुटतो, स्वतःहून रानात जाऊन एकांतात राहतो. म्हणजे शिक्षा कोणाला, गरिबाला आणि नोकराणीला. शेक्सपिअरनं तो हिशोब पुसून टाकला, त्याचा प्रिन्स फक्त एवढंच म्हणतो की काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा होईल, आणि नावं घेत नाही. म्हणून तर आपण सव्वाचारशे वर्षं वाद घालतोय.

गुप्तपणे लावलेलं लग्न कायदेशीर होतं का?

हो. चर्चला असं लग्न आवडत नसे, पण दोघांची संमती असेल तर ते मोडत नसे. कॅथलिक चर्चनं धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले ते १५६३ मध्ये, आणि इंग्लंडमध्ये तर १७५३ च्या कायद्यापर्यंत अशी लग्नं चालत होती. म्हणून पॅरिसशी लग्न लावायला फ्रायर जाऊच शकत नव्हता, आणि हे त्याला सगळ्यात जास्त माहीत होतं.

ज्युलिएट थोडी आधी जागी झाली असती तर? काही ठिकाणी तसं वाचलंय

बरोबर वाचलंय. जुन्या इटालियन कथेत ती रोमिओचा प्राण जायच्या आत जागी होते, दोघं बोलतात. नट डेव्हिड गॅरिकनं १७४८ मध्ये लंडनला नाटक केलं तेव्हा त्यानंही तोच शेवट घेतला. शेक्सपिअरच्या नाटकात तसं नाही. आणि फ्रायरनं सांगितलेल्या, औषधाच्या बेचाळीस तासांच्या गुंगीचा हिशोब घड्याळ लावून जुळवायला जाऊ नका, मंगळवार रात्रीपासून मोजलं तर गुरुवारची पहाट येत नाही. वाचकांनी यावर खूप डोकेफोड केलीय, दोषाच्या प्रश्नाला त्यानं काही फरक पडत नाही.

परीक्षेत "जबाबदार कोण" असा प्रश्न आला तर कसं लिहू?

एक नाव घ्या आणि त्याच्यावर ठाम राहा. सात जणांची यादी करून प्रत्येकाला दोन-दोन ओळी दिल्या की उत्तर पातळ होतं. माझ्याशी सहमत असायची गरज नाही, कॅप्युलेट घ्या, प्रिन्स घ्या, रोमिओ घ्या, पण त्यानं नेमक्या कोणत्या सीनमध्ये काय केलं ते दाखवा, आणि तुमच्या विरुद्ध जाणारा सगळ्यात मोठा मुद्दा स्वतःच मांडून त्याला उत्तर द्या.

आम्ही नाटक बसवतोय. दोघं मेल्यावरचा शेवटचा भाग फार लांबतो, कापला तर चालेल?

नका कापू. बरेच दिग्दर्शक कापतात, कारण प्रेक्षकांना सगळं माहीत असताना फ्रायर परत अथपासून इतिपर्यंत सांगतो. थोडक्यात सांगतो म्हणतो आणि चाळीसेक ओळी बोलतो. पण तो भाग म्हणजे चौकशी आहे. प्रिन्स म्हणतो आधी आक्रोश थांबवा, काय झालं ते मला कळू दे. फ्रायर जबाब देतो, मग बाल्थझार, मग पॅरिसचा लहानगा नोकर, आणि रोमिओनं बापासाठी लिहिलेलं पत्र प्रिन्स वाचून पडताळतो. कोणाला काय माहीत होतं हे पहिल्यांदा सगळ्यांसमोर येतं ते इथेच. फ्रायर म्हणतो माझी चूक असेल तर माझा जीव घ्या, आणि प्रिन्स म्हणतो आम्ही तुला पुण्यवान म्हणूनच ओळखत आलोय. हे वाक्य म्हणताना तुमचा प्रिन्स फ्रायरकडे बघतो की दुसरीकडे, हे तालमीत ठरवा. मॉन्टेग्यूची बायको त्याच रात्री मुलाच्या हद्दपारीच्या दुःखानं गेलेली असते तेही इथेच कळतं. आणि मग दोन बाप हातात हात घेतात आणि मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायचं ठरवतात, मॉन्टेग्यू ज्युलिएटच्या पुतळ्याचं बोलतो, कॅप्युलेट रोमिओच्या.

वेळच कमी असेल तर फ्रायरच्या ओळी निम्म्या करा, पण बाल्थझारचा जबाब पूर्ण ठेवा. त्याचं भाषण छोटंसंच आहे. आणि तो बोलत असताना फ्रायरला स्टेजवर अशा जागी उभा करा की ते ऐकताना त्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसेल.